घराची वाढ आणि विजेची जोडणी

पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गाने यवत मागे टाकून चौफुल्याकडे निघाले की दौंड तालुक्यातील भांडगाव लागते. महामार्गालगतच्या अशा गावांत घरे दरवर्षी वाढत असतात. मुलाच्या लग्नानिमित्त एक खोली वाढते, पत्र्याच्या पडवीचे पक्के स्वयंपाकघर होते, कोणी भाडेकरूसाठी दोन खोल्या काढतो, तर कोणी जुन्या स्लॅबवर मजला चढवतो. ही वाढ सुस्थितीची खूण आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु भिंती वाढतात त्या मानाने घरातील विजेची व्यवस्था क्वचितच वाढते. जुन्या खोलीतल्या प्लगमधून एक तार खिडकीवाटे बाहेर काढली जाते, पत्र्यावरून किंवा झाडाच्या फांदीवरून नव्या खोलीत नेली जाते आणि काम झाले असे समजले जाते. पुढे पावसाळ्यात त्या तारेचे आवरण फाटते आणि पत्रा, लोखंडी चौकट किंवा कपडे वाळत घालण्याची तार जिवंत होते.

घराच्या वाढीव भागातील विजेच्या कामाला कोणाची व कोणती मंजुरी लागते, ती कोणत्या क्रमाने घ्यावी आणि त्यात ग्रामपंचायतीचे कर्तव्य काय, याचा विचार या लेखात केला आहे. भांडगावचे उदाहरण समोर ठेवले असले तरी ही रीत राज्यातील कोणत्याही गावास लागू पडणारी आहे.

मंजुरी एक नव्हे, दोन

पुष्कळ ग्रामस्थांची समजूत अशी असते की, ग्रामपंचायतीने बांधकामास हरकत घेतली नाही म्हणजे विजेचेही काम मंजूर झाले. काहींची समजूत याच्या उलट असते. मीटर बसले, बिल येऊ लागले, म्हणजे घर कायदेशीर ठरले असे त्यांना वाटते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

बांधकामाची मंजुरी आणि विजेच्या संचमांडणीची मंजुरी हे दोन वेगळे प्रवाह आहेत. पहिला प्रवाह ग्रामपंचायत व नियोजन प्राधिकरण यांच्याकडून येतो. गावठाणातील बांधकामावरील नियंत्रणाची तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. त्याखेरीज महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू असतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने लहान भूखंडावरील कमी जोखमीच्या बांधकामांसाठी रीत बरीच सोपी केली आहे. मजले, वापर व अंतरे यांच्या अटी पाळून १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर विहित कागदपत्रे व शुल्क भरून काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर अल्प मुदतीत परवानगी मिळते. दौंड व शिरूर या तालुक्यांतील काही गावे २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात आहेत, तर काही नाहीत. म्हणून आपला गट किंवा आपली मिळकत कोणाच्या अधिकारक्षेत्रात आहे, ती गावठाणात आहे की शेतजमिनीत, हे अर्ज करण्यापूर्वी ग्रामपंचायत व तलाठी कार्यालयात पाहून घ्यावे.

दुसरा प्रवाह विजेचा. विद्युत अधिनियम, २००३ आणि त्याखालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम हे त्याचे मूळ होय. हे विनियम प्रथम २०१० मध्ये आले. त्यांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. त्यापूर्वी १९५६ चे भारतीय विद्युत नियम लागू होते. घरगुती कामाच्या बाबतीत या तिन्हींचे सूत्र मात्र एकच राहिले आहे. ते म्हणजे, काम पात्र माणसाने करावे, त्याची चाचणी व्हावी आणि चाचणीचा लेखी अहवाल वीज पुरवठादाराकडे जावा.

कोणते काम स्वतः करता येते?

जळालेला दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणे, म्हणजेच संचमांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी किरकोळ अदलाबदल, घरमालकाला करता येते. त्यापलीकडचे प्रत्येक काम, म्हणजे नवी तार ओढणे, नवा फलक बसवणे, नवा बिंदू काढणे, जुन्या मांडणीत भर घालणे किंवा फेरफार करणे, हे परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच झाले पाहिजे. त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख हवी आणि हात लावणाऱ्या तारतंत्र्याजवळही परवाना हवा. वाढीव खोलीतील वायरिंग यात निःसंशय मोडते.

गावात काम करणारा वायरमन कुशल असू शकतो. परंतु कौशल्य आणि परवाना या वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना नसेल तर चाचणी अहवालावर सही करण्याचा अधिकार त्याला नाही. यासाठी काम ठरवतानाच परवान्याची मुदत पाहावी, क्रमांक लिहून घ्यावा आणि चाचणी अहवाल देण्याची बाब मजुरीच्या बोलीतच घालावी. काम पूर्ण झाल्यावर अहवालासाठी दुसऱ्या ठेकेदाराकडे धावावे लागले तर तो न पाहिलेल्या कामावर सही कशी करणार? आणि केलीच, तर त्या सहीला अर्थ काय उरणार?

पाया खणण्यापूर्वी वर पाहा

घरवाढीतील सर्वांत मोठा धोका पुष्कळदा घराबाहेरच्या तारेत असतो. घरावरून किंवा घराजवळून जाणाऱ्या उघड्या तारांपासून किती अंतर सुटले पाहिजे हे विनियमांत ठरलेले आहे. गावातील नेहमीच्या लघुदाब वाहिनीसाठी इमारतीच्या सर्वोच्च भागापासून उभे अंतर किमान २.५ मीटर आणि आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते. ११ केव्ही वाहिनीसाठी उभे अंतर ३.७ मीटर व आडवे १.२ मीटर, तर ३३ केव्ही वाहिनीसाठी उभे ३.७ मीटर व आडवे २ मीटर असावे लागते. तार उन्हाळ्यात जास्तीत जास्त जेवढी खाली झुकेल, तेथून उभे अंतर मोजावयाचे असते. ही मोजणी ग्रामस्थाने काठी किंवा पट्टी वर धरून कधीही करू नये. ती वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याकडूनच करवून घ्यावी.

हे आकडे घरवाढीला कसे लागू पडतात ते पाहू. समजा, एका घराचा स्लॅब जमिनीपासून ३.२ मीटर उंचीवर आहे आणि वरून जाणारी लघुदाब तार ६ मीटरवर आहे. मधले अंतर २.८ मीटर, म्हणजे नियमात बसणारे. मालकाने वर खोली न बांधता केवळ १ मीटर उंचीचा कठडा घातला, तरी सर्वोच्च भाग ४.२ मीटरवर जातो आणि अंतर १.८ मीटर उरते. एक विटही चुकीची न लावता घर नियमाबाहेर गेले! तसेच भिंतीपासून १.८ मीटरवरून जाणाऱ्या तारेच्या दिशेने ०.९ मीटरचा सज्जा काढला तर आडवे अंतर ०.९ मीटरच राहते. त्या सज्जात उभे राहून लोखंडी सळई फिरवणाऱ्या गवंड्याचा किंवा ओले कपडे झटकणाऱ्या गृहिणीचा जीव त्या उरलेल्या अंतरावर अवलंबून असतो.

म्हणूनच असा नियम आहे की, वाहिनी आधीपासून असेल आणि तिच्याखाली किंवा जवळ कोणी नवे बांधकाम, भर किंवा फेरफार करणार असेल, तर त्याने वीज पुरवठादारास व विद्युत निरीक्षकास प्रमाणबद्ध नकाशासह लेखी सूचना द्यावी. अंतर कमी पडत असल्यास वाहिनी हलवण्याचा किंवा बदलण्याचा खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसावयाचा असतो. सुरक्षित अंतरांचा भंग होणार नाही असे विद्युत निरीक्षकाने प्रमाणित करीपर्यंत काम सुरू करता येत नाही व चालूही ठेवता येत नाही.

येथे एक प्रश्न निर्णायक ठरतो. आधी घर की आधी तार? घर आधीचे असेल आणि वाहिनी नंतर नियमबाह्य अंतरावरून नेली असेल, तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी वाहिनीच्या मालकावर येते. वाहिनी आधीची आणि मजला नंतरचा असेल, तर भार घरमालकावर येतो. मग हे सिद्ध कशाने व्हावे? तोंडी साक्षीने ते क्वचितच होते. ग्रामपंचायतीची परवानगी, तिची तारीख आणि कर आकारणीच्या नमुना ८ मधील नोंद हाच खरा पुरावा. कर वाढू नये म्हणून ज्याने वाढीव खोलीची नोंद टाळली, त्याने थोड्या घरपट्टीच्या लोभाने आपला मोठा हक्क गमावला असे समजावे. गावठाणातील ज्या घरांना स्वामित्व योजनेखाली मिळकत पत्रिका मिळाली आहे, त्यांनी तीही जपून ठेवावी.

भाराचे गणित

दुसरा प्रश्न विजेच्या भाराचा. हे गणित शिक्षकांनी सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर जरूर मांडावे, कारण ते घरोघरी पोहोचण्याचा तोच सर्वांत जवळचा मार्ग आहे.

जुन्या घरात ९ वॅटचे चार दिवे, ७५ वॅटचे दोन पंखे, १०० वॅटचा दूरदर्शन संच आणि २०० वॅटचा फ्रीज आहे असे धरू. एकूण भार ४८६ वॅट, म्हणजे सुमारे अर्धा किलोवॅट होतो. आता दोन खोल्या व न्हाणीघर वाढले. तेथे तसेच चार दिवे व दोन पंखे आले, त्यांचे १८६ वॅट. पाणी तापवण्याचा गिझर २,००० वॅट, इस्त्री १,००० वॅट आणि एक अश्वशक्तीची पाण्याची मोटर सुमारे ७५० वॅट. वाढीव भार ३,९३६ वॅट आणि सर्व मिळून ४,४२२ वॅट. खोल्या दोनच वाढल्या, पण विजेचा भार नऊपट झाला.

वॅटला २३० व्होल्टने भागले की साधारण अँपिअर मिळतात. एकट्या गिझरला ८.७ अँपिअर लागतात. लहान तीन पिनांचा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त १,३८० वॅटचा असतो. त्यात गिझर लावणे म्हणजे प्लग आणि तार दोन्ही तापवणे होय. सकाळी गिझर, इस्त्री व मोटर एकाच वेळी चालली तर १६ अँपिअरहून अधिक प्रवाह जातो आणि अर्ध्या किलोवॅटसाठी ओढलेली जुनी बारीक तार भिंतीच्या आत भाजू लागते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणारे लोक गावोगावी आढळतात. फ्यूज हा घराचा राखणदार आहे. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधणे शहाणपणाचे नाही.

तांत्रिक कामाच्या मुख्य कसोट्या

ठेकेदाराचे काम चांगले आहे की नाही हे सामान्य माणसालाही काही खुणांवरून ओळखता येते. भारतीय मानक ७३२ मध्ये घरगुती वायरिंगची रीत सांगितली आहे. तिच्या आधारे पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. वाढीव भागाला मुख्य फलकापासून स्वतंत्र मंडल असावे. जुन्या खोलीच्या प्लगमधून नवी खोली जोडलेली नसावी.

२. दिवे व पंख्यांच्या एका मंडलावर १० पेक्षा अधिक बिंदू किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा. मोठ्या उपकरणांसाठी वेगळे मंडल असावे व त्यावर दोनपेक्षा अधिक १६ अँपिअरचे प्लग नसावेत.

३. बटण नेहमी फेजच्या तारेवर असावे. ते न्यूट्रलवर असेल तर बटण बंद केल्यावरही उपकरण जिवंत राहते.

४. प्रत्येक प्लगपर्यंत हिरवी भूतार पोहोचलेली असावी. भूसंपर्कासाठी पुरलेली नळी घराच्या भिंतीपासून किमान १.५ मीटर दूर असावी. भूतारेचा उपयोग न्यूट्रल म्हणून करणे हा जिवाशी खेळ आहे.

५. तारांवर भारतीय मानक चिन्ह असावे. स्वस्त तारेत बचत होते ती तांब्याची, आणि तांबे कमी झाले की उष्णता वाढते.

६. मुख्य फलकावर गळती-प्रवाह खंडक बसवलेला असावा. माणसाच्या शरीरातून प्रवाह जमिनीकडे जाऊ लागताच ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीवर पुरवठा तोडणारे हे साधन आहे. पत्र्याची पडवी, ओले न्हाणीघर आणि गोठा असलेल्या घरात ते असलेच पाहिजे.

७. न्हाणीघरातील गिझरचे बटण आंघोळीच्या पाण्यापासून दूर, शक्यतो बाहेर असावे.

भिंतीत किंवा स्लॅबमध्ये नळ्या टाकावयाच्या असल्यास गिलावा होण्यापूर्वी पर्यवेक्षकाने काम पाहिले पाहिजे. गिलाव्यानंतर दोष दिसत नाही, तो अपघातानंतरच दिसतो. शेवटी तारांच्या आवरणाची रोधक्षमता मोजली जाते. ५० या संख्येला बिंदूंच्या संख्येने भागून येईल तितके मेगओहम रोध किमान असावा, मात्र संपूर्ण मांडणीसाठी १ मेगओहमपेक्षा अधिकाची सक्ती नसते. म्हणजे १०० बिंदूंच्या इमारतीला अर्धा मेगओहम, तर २० बिंदूंच्या घराला १ मेगओहम. ही चाचणी, भूसंपर्काचा रोध आणि फेज-न्यूट्रलची योग्य जोड यांचा उल्लेख चाचणी अहवालात असावा. केवळ सही-शिक्का असलेला कोरा नमुना स्वीकारू नये.

महावितरणकडे अर्ज

१९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले आणि वीज वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. दौंड तालुका कंपनीच्या बारामती मंडलातील केडगाव विभागात येतो. वाढीव भारासाठी ग्राहकाने संबंधित कार्यालयात किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर भारवाढीचा अर्ज करावा. सोबत मालकीचा किंवा कायदेशीर ताब्याचा पुरावा, ओळखपत्र आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा. वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून ग्रामीण भागात १५ दिवसांत नवी जोडणी देणे किंवा असलेल्या जोडणीत बदल करणे अपेक्षित आहे. डोंगराळ भाग किंवा वाहिनीचा विस्तार आवश्यक असलेली प्रकरणे यांना अधिक मुदत आहे. अर्जाची पोच व तिच्यावरील तारीख यासाठीच जपावी. विलंब झाल्यास कंपनीची अंतर्गत तक्रार व्यवस्था, ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल अशी दाद मागण्याची पायरी आहे.

वाढीव खोलीत दुकान, पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे काम सुरू करावयाचे असेल तर केवळ भारवाढ पुरेशी नाही. वापराचा प्रकार बदलतो आणि त्याप्रमाणे दरही बदलतो. ज्या जागेसाठी किंवा ज्या कारणासाठी वीज मंजूर आहे त्याहून वेगळ्या जागी वा कारणासाठी ती वापरणे, हा विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शेजारच्या वेगळ्या मिळकतीत घरच्या मीटरवरून तार टाकून दिलेली वीजही यात येऊ शकते, मग ती सख्ख्या भावाला का दिलेली असेना.

ग्रामपंचायतीने काय करावे?

वायरिंग तपासणे हे सरपंचाचे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे काम नव्हे. परंतु बांधकामाची पहिली वार्ता ग्रामपंचायतीलाच लागते आणि म्हणूनच अपघात टाळण्याची पहिली संधीही तिलाच मिळते. कोणताही नवा कायदा किंवा निधी न लागता पुढील चार गोष्टी तिला करता येतील.

पहिली गोष्ट, बांधकामाच्या अर्जासोबत येणाऱ्या नकाशावर जवळची वीजवाहिनी व तिचे अंतर दाखवण्यास सांगावे. वाहिनी जवळ असल्यास अर्जदाराला महावितरण व विद्युत निरीक्षक यांना सूचना देण्याविषयी लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत दोन्ही कार्यालयांस पाठवावी. दुसरी, वाढीव बांधकामाची नमुना ८ मध्ये वेळेवर व तारखेसह नोंद घ्यावी. तिसरी, पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत घरावरून व शाळेवरून गेलेल्या तारा, झुकलेले खांब आणि पत्र्याला टेकलेल्या जोडतारा यांची यादी करून ती महावितरणच्या शाखा कार्यालयास पोचसह द्यावी. चौथी, ग्रामपंचायतीने स्वतःच्या इमारतींपासून आरंभ करावा. अंगणवाडीची वाढीव खोली, शाळेचे नवे स्वच्छतागृह किंवा समाजमंदिराचा सभामंडप यांच्या विजेच्या कामाचे देयक चाचणी अहवालाशिवाय अदा करू नये. जो नियम ग्रामपंचायत स्वतः पाळते, तोच ती इतरांना सांगू शकते.

कामाचा क्रम

सारांशाने क्रम असा. प्रथम वरची तार पाहावी आणि अंतर कमी वाटल्यास लेखी सूचना द्यावी. नंतर बांधकामाची परवानगी किंवा विहित पोच घ्यावी. स्लॅबपूर्वी परवानाधारक ठेकेदार ठरवून भाराचे गणित व नळ्यांचा आराखडा तयार करावा. गिलाव्यापूर्वी काम तपासावे. चाचणी अहवाल घेऊन भारवाढीचा अर्ज करावा. मंजुरी मिळाल्यावरच वाढीव भाग मुख्य फलकाशी जोडावा आणि शेवटी कर आकारणीची नोंद पूर्ण करून घ्यावी. बांधकाम चालू असताना लागणाऱ्या विजेसाठीही तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी, आकडा टाकू नये.

या सर्वांचा खर्च घरवाढीच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. फरशी व रंग यांवर सढळ हाताने खर्च करणारा माणूस भूतारेवर मात्र काटकसर करतो, कारण फरशी पाहुण्याला दिसते आणि भूतार दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाची किंमत गावाला समजावून सांगणे हे शिक्षकाचे, ती नोंदीत आणणे हे ग्रामपंचायतीचे आणि तिची वेळेवर तपासणी करणे हे संबंधित अधिकाऱ्यांचे काम आहे. तिघांनी आपापला वाटा उचलला तर भांडगावसारख्या वाढत्या गावात घराबरोबर त्याची सुरक्षितताही वाढेल.